होळी दिवाळीत येत नाही

आमच्या धानोऱ्याला मुंबई टीव्हीवर दिसते आणि सुरत अंगावर. लग्नाचा बस्ता सुरतेचा, भाऊबीजेची साडी सुरतेची, आणि बारावीनंतर पोरगा कामाला लागला तर तोही बहुधा सुरतेलाच. नंदुरबारला ताप्ती लाइनची गाडी धरायची. नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली मागे टाकत ती उधन्याला पोचते आणि फलाटावर उतरलं की अहिराणी कानावर पडते. लिंबायत, डिंडोली, नवागाम या भागांत खानदेशातल्या कुठल्याही तालुक्याचा माणूस शोधा, सापडतो. आमचा नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला धुळ्यापासून वेगळा झाला, कागद महाराष्ट्राचेच राहिले, पण आमचा रोजचा व्यवहार तापीच्या वाहण्याच्या दिशेनेच जातो.

माझा धंदाही त्याच दिशेने चालतो. मी पाहुण्यांना सातपुडा दाखवतो. आधी शेअर जीप चालवायचो. शनिवार-रविवारी सुरतेच्या गाड्या तोरणमाळच्या वाटेला लागायच्या. त्या लोकांनी आधी रस्ता विचारला, मग जेवणाचं विचारलं, मग रात्री थांबायचं कुठे म्हणून विचारलं. त्या विचारण्यातून काम उभं राहिलं. आता घराच्या मागच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी आहेत. भाकरी आणि भाजीचं घरच्या बायका पाहतात, रस्त्याचं मी पाहतो. धानोऱ्यात पाहण्यासारखं काय आहे, असं कुणी फोनवर विचारलं तर मी सरळ सांगतो, काही नाही. इथे जेवायचं, झोपायचं आणि पहाटे निघायचं. पाहायचं ते पुढे आहे: तोरणमाळचा यशवंत तलाव, सीताखाईची दरी, प्रकाशाला तापी आणि गोमाईचा संगम, सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा, काठीची होळी.

या कामामुळेच मला सुरतेच्या किल्ल्यातल्या एका मेळाव्याचं बोलावणं आलं. 27 सप्टेंबर हा जागतिक पर्यटन दिन. त्या निमित्ताने आसपासच्या मुलखात पाहुण्यांची सोय करणाऱ्या लोकांना एकेक टेबल मिळणार होतं. सापुताऱ्याकडचे होते, डांगातले होते, समुद्रकाठचे होते, आणि राज्याची हद्द ओलांडून आलेले आम्ही. सुरतेतल्या एका सहलवाल्याने माझं नाव दिलं होतं. त्याच्या लोकांना मी तोरणमाळ दाखवलं होतं, त्यामुळे ओळख होती. टेबलावर ठेवायला मी तोरणमाळचे फोटो नेले, धडगावचा आमचूर नेला, नंदुरबारची लाल मिरची नेली आणि शिसपेन्सिलीने काढलेला एक नकाशा नेला.

किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डोंगर येतो. सुरतेचा किल्ला सपाटीवर आहे, चौक बाजारात, तापीच्या काठाला लागून. पोर्तुगीज जहाजं नदीतून वर येऊन शहर जाळून जात. 1530 च्या आसपास लागोपाठ असे हल्ले झाले, म्हणून गुजरातच्या सुलतानाने, तिसऱ्या महमूद शाहाने, हा किल्ला बांधायला लावला. काम पाहिलं सफी आगा ऊर्फ खुदावंद खान याने, आणि 1540 च्या दशकात तो उभा राहिला. दगडाला दगड लोखंडी कड्यांनी जखडला आणि सांध्यांत शिसं ओतलं, असं जुन्या फारसी बखरी सांगतात. 1573 साली अकबराने वेढा घालून तो घेतला. 1759 साली तो इंग्रजांकडे गेला, पण तेव्हा ते स्वतःला दिल्लीच्या बादशहाचे किल्लेदार म्हणवत, म्हणून कित्येक वर्षं एकाच तटावर दोन निशाणं फडकत होती, एका बुरुजावर कंपनीचं आणि दुसऱ्यावर मोगलांचं. 1800 साली सगळ्या शहराचा कारभारच इंग्रजांच्या हाती आला. लढाईचं भय संपलं. 1862 मध्ये तिथलं लष्कर हलवलं आणि रिकाम्या खोल्यांत महसूल आणि पोलीस खात्याच्या कचेऱ्या आल्या.

पुढच्या पिढ्यांसाठी तो किल्ला राहिलाच नाही, ते सरकारचं ऑफिस झालं. आमच्या नात्यातले एक आबा तरुणपणी बारडोलीच्या बाजूला ऊसतोडीला जायचे. आमच्या जिल्ह्यातून आजही दिवाळीनंतर त्या बाजूला टोळ्या जातात, कोयता आणि भांडीकुंडी घेऊन. आबा सुरतेतही काम शोधत फिरले होते. किल्ला पाहिला का, असं मी त्यांना एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘‘किल्ला कसला? तिथे साहेब बसायचे. काम नसलं तर त्या बाजूने जायचं नाही.’’ तक्रार म्हणून ते बोलत नव्हते. कचेरी म्हणजे बाहेर उभं राहायची जागा, हे त्यांना इतकं सवयीचं होतं की आत काय असेल याची उत्सुकताही कधी वाटली नसावी.

गेल्या काही वर्षांत सुरत महापालिकेने ही इमारत दुरुस्त केली. नंतरची ओबडधोबड बांधकामं काढली, खंदकाचा भाग मोकळा केला, दालनं मांडली, आणि ती संग्रहालय म्हणून लोकांना खुली झाली. त्यामुळे आबा ज्या दाराच्या बाजूने जात नव्हते, त्याच दारातून मी गळ्यात नावाचं कार्ड अडकवून आत गेलो. दारावरच्या मुलाने, ‘‘आवो, आवो,’’ म्हणून हाताने वाट दाखवली. कचेरीत जाताना हातात कागद लागतो, आधार कार्डाची झेरॉक्स लागते, कोणत्या खिडकीवर जायचं ते आधी विचारून घ्यावं लागतं. इथे तिकीट पुरे. सरकारी इमारतीचं संग्रहालय होतं तेव्हा सगळ्यात आधी हे बदलतं. तिथे जायला आपल्याकडे काही काम असावं लागत नाही.

मेळावा सुरू व्हायला वेळ होता, म्हणून मी दालनं फिरून पाहिली. शस्त्रं, नाणी, कापडाचे नमुने, जहाजांची आणि वखारींची चित्रं. मोगल काळात हज यात्रेची जहाजं सुरतेहून सुटायची, म्हणून हे बंदर मक्केचा दरवाजा मानलं जाई. समुद्राकडून आलेलं सगळं इथे नीट मांडलेलं होतं: पोर्तुगीज, डच, इंग्रज, अरब. माझी नजर मात्र दुसऱ्या बाजूला, जमिनीकडे होती. बंदरावर चढवायचा माल कुठून तरी येत असणार. नीळ, सुताचं कापड, धान्य हे काही समुद्रातून येत नाही.

तो माल आला आमच्याच रस्त्याने. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा मोठा मार्ग बारडोली, नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा असा जायचा आणि पुढे आग्र्याला मिळायचा. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिर तावर्निये या मार्गाने गेला आणि त्याने ही गावं एकापाठोपाठ लिहून ठेवली. नवापूरच्या तांदळाचं त्याने कौतुक केलंय. बारीक, बर्फासारखा पांढरा आणि कस्तुरीचा वास असलेला तो तांदूळ मोठी माणसं मागवून घेत. त्याच्याआधी, 1630 साली, पीटर मंडी नावाचा इंग्रज कंपनीचा माणूस याच वाटेने आग्र्याला निघाला होता. तो मोठ्या दुष्काळाचा काळ होता. नंदुरबारला तंबू ठोकायला जागा मिळेना इतकी प्रेतं पडली होती आणि जिवंत माणसं जनावरांच्या शेणातून दाणे वेचत होती, असं त्याने नोंदवलंय. याच नंदुरबारात मी दर आठवड्याला मिरची आणायला जातो.

सुरत म्हटलं की मराठी माणसाला जानेवारी 1664 आठवतो. मलाही आठवला. पण किल्ल्याच्या आत उभं राहून ती गोष्ट वेगळी दिसली. शिवाजी महाराज उधन्यावरून पुढे आले आणि शहराबाहेर बुऱ्हाणपूर दरवाजाजवळच्या बागेत त्यांचा तंबू पडला. म्हणजे ज्या उधन्यावर मी सकाळी गाडीतून उतरलो ते उधना, आणि खानदेशाकडे तोंड करून असलेला तोच दरवाजा. शहराचा सुभेदार इनायत खान रक्षणाला बाहेर पडलाच नाही. तो सरळ या किल्ल्यात येऊन बसला. आतून तोफा डागल्या, पण गोळे आपल्याच शहरावर पडले. मराठ्यांपेक्षा शहराचंच त्यांनी जास्त नुकसान केलं, असं इतिहासकार सांगतात. आपल्या वखारीपुरता बचाव केला तो जॉर्ज ऑक्सेंडन आणि त्याच्या इंग्रजांनी. 1670 मध्ये महाराज पुन्हा आले. शाळेत आम्ही ही गोष्ट बाहेरून शिकलो, बागेतल्या तंबूच्या बाजूने. आत आल्यावर ज्यांच्या डोक्यावर छप्पर होतं आणि ज्यांच्या नव्हतं त्यांच्यातला तट किती जाड होता, हे कळलं. आबांच्या ‘त्या बाजूने जायचं नाही’चा अर्थही तिथे थोडा जास्त कळला. सरदार होते, मग शिपाई आले, मग कारकून आले. भिंत तीच, आणि बाहेर थांबणारेही तसेच राहिले.

मेळाव्यात भाषणं झाली. एका पाहुण्याने पडद्यावर सातपुड्याचे फोटो दाखवले आणि म्हणाला की हा सगळा प्रदेश अजून कुणी पाहिलेला नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण फोटो छान होते. पण माझी पाळी आली तेव्हा मी तोरणमाळपासून सुरुवात करणार होतो ती केली नाही. हातातला पेन्सिलीचा नकाशा वर धरला आणि सुरत ते बुऱ्हाणपूर रस्ता बोटाने दाखवला. म्हणालो, ‘‘या किल्ल्यात जे मांडलंय त्यातलं बरंच आमच्या दारावरून आलंय. ज्याला तुम्ही कुणी न पाहिलेला मुलूख म्हणता, तिथून बैलगाड्यांचे तांडे जात-येत होते. तुम्ही आमच्याकडे याल ते त्याच रस्त्याने.’’ हिंदी माझी खानदेशी, मधे गुजराती शब्द. पण लोक ऐकत होते. नंतर टेबलाशी आले ते फोटो पाहायला नव्हे, नवापूरचा तांदूळ अजून मिळतो का हे विचारायला. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की डोंगर दाखवायला गाइड लागत नाही, डोंगर दिसतोच. गाइड लागतो तो त्या डोंगरातून कोण, काय घेऊन, कुठे गेलं हे सांगायला.

खरी कसोटी दुपारी लागली. माझं नाव देणारा सहलवाला दोन खुर्च्या ओढून समोर बसला. सुरतेत दिवाळीनंतर कापड मार्केट लाभपंचमीपर्यंत बंद असतं आणि माणसं घराबाहेर पडायला आतुर असतात, हे मला माहीत आहे. आमचा तोच हंगाम असतो.

‘‘भाई, दिवाळीत दोन बस देतो,’’ तो म्हणाला. ‘‘तोरणमाळ, तुमचं जेवण, रात्री शेकोटी. आणि शेकोटीभोवती ते मोरपिसांचे टोप घातलेले नाचणारे पाहिजेत. काठीचे. मी व्हिडिओ पाहिलाय.’’

‘‘ते होळीचे आहेत,’’ मी म्हणालो. ‘‘होळीला या. मी घेऊन जातो.’’

‘‘होळीला पोरांच्या परीक्षा, आमचं मार्च एंडिंग. सुट्टी दिवाळीला असते ना! पैसे तुम्ही म्हणाल ते.’’

‘‘दिवाळीत होळी कशी आणणार?’’

त्याने हाताने त्या सगळ्या दालनाकडे निर्देश केला. ‘‘इथे रोज लढाई होते का? तरी लोक तिकीट काढून येतात. दाखवायचं असतं भाई.’’

त्याचं म्हणणं फालतू नव्हतं. मला चटकन उत्तर सुचलं नाही, आणि बाजूच्या टेबलावरचे लोकही ऐकत होते. मी विचारून सांगतो म्हणालो आणि त्याला आमचुराची पुडी दिली.

काठी हे अक्कलकुवा तालुक्यातलं गाव. तिथली राजवाडी होळी शेकडो वर्षांची मानतात. दूरदूरच्या पाड्यांवरून माणसं पायी येतात, रात्रभर ढोल वाजतात आणि होळी पेटते ती पहाटे. त्यात बावा आणि बुध्या होणारे पुरुष असतात. अंगावर राखेचे पट्टे, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला घुंगरू आणि वाळलेले दुधी. पाहुण्याला दिसतं ते एवढंच. त्याआधीचे पाळणुकीचे दिवस त्याला दिसत नाहीत. त्या दिवसांत त्या माणसाने खाटेवर बसायचं नाही, अनवाणी राहायचं, ब्रह्मचर्य पाळायचं. बहुतेकांनी नवस केलेला असतो, लेकरासाठी, कुणाच्या आजारासाठी, शेतासाठी. टोप त्यानंतर डोक्यावर चढतो.

मेळाव्यात मला आमच्याकडचा एक तरुण भेटला. दिवसा कापड मार्केटात काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी त्याच्या नाच पथकाबरोबर कार्यक्रम करतो. मी त्याला सहलवाल्याचं सांगितलं, तर तो म्हणाला, ‘‘काका, यात काय एवढं? आम्ही 26 जानेवारीला नाचतो, कॉलेजच्या युवा महोत्सवात नाचतो. टोप बाजारातल्या सामानाचा बनवून घेतो. पाहुणे खूश होतात, पोरांना दोन पैसे मिळतात. तुम्ही नाही म्हणालात तर तो दुसऱ्याला सांगेल.’’ हेही खरं होतं. लग्नातला ढोल आणि पावरी मंचावर वाजली तर मला कधी खटकलं नाही. नाचणाऱ्या पोराला त्याचा रोज मिळावा, हेही मला पटतं. मग काठीच्या टोपाबद्दलच माझं मन का अडलं, ते मला मलाच सांगता येत नव्हतं.

घरी आल्यावर एकाला विचारलं. तो आमच्या ओळखीचा, वरच्या पाड्यावरचा, दोन-तीन होळ्यांना बुध्या झालेला. आधी त्याने पैसे किती देणार ते विचारलं. मी आकडा सांगितला तर डोळे मोठे केले. मग बिडी पेटवली, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, ‘‘दिवाळीत नाचायचं तर नवस कुणाचा?’’

त्याला हा प्रश्न धार्मिक वाटत नव्हता. तो कामाची अडचण सांगत होता. नवस नसला तर पाळणूक कशाची करायची? पाळणूक नसली तर टोप कोण घालेल? आणि तसाच घातला तर पुढच्या फाल्गुनात खरा घालताना काय वाटेल? पैसे चांगले आहेत, पण त्या पैशाला जोडायला काम सापडत नाही, असं त्याचं साधं म्हणणं होतं.

सहलवाल्याला द्यायचं उत्तर मला तिथे सापडलं. सुरतेच्या किल्ल्यात रोज लढाई दाखवता येते, कारण ती लढाई संपली आहे. तोफ कुणावर रोखलेली नाही. खोल्यांतली कचेरी उठून दुसरीकडे गेली आहे. इनायत खानाला आज कुणी जाब विचारणार नाही. म्हणून ती इमारत आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळात, तिकिटावर उघडता येते आणि संध्याकाळी बंद करता येते. जे संपलं त्याची वेळ आपण ठरवू शकतो. काठीची होळी संपलेली नाही. तिची वेळ तिच्याच हातात आहे. ती दिवाळीत मागवली तर येईल ती होळी नसेल, तिचा फोटो असेल, आणि तो फोटो काढायला एका माणसाला नवस नसताना उभं राहावं लागेल.

रत्नागिरीचा थिबा राजवाडाही याच जातीचा आहे. ब्रह्मदेशाच्या कैदी राजासाठी इंग्रजांनी तो बांधला, 1910 च्या सुमारास राजा तिथे राहायला आला आणि 1916 मध्ये तिथेच वारला. आज तिथेही संग्रहालय आहे. कोल्हापूरच्या टाउन हॉलमध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू मांडल्या आहेत. पणजीचं जुनं सचिवालय आदिलशहाचा महाल होता, मग पोर्तुगीज कारभाराचं ठिकाण झाला, आणि गोव्याची विधानसभा पर्वरीला जाईपर्यंत तिथेच भरायची. राज्य गेलं की महाल रिकामा होतो, कारभार हलला की कचेरी रिकामी होते, आणि रिकाम्या जागेत काचेची कपाटं मावतात. आमचा सातपुडा रिकामा नाही. तिथे माणसं राहतात, त्यांचे सण चालू आहेत. त्यांना कपाटात बसवायची घाई पर्यटनवाल्यांनी करू नये, एवढं त्या मेळाव्यातून माझं मत पक्कं झालं.

सहलवाल्याला मी फोनवर हे सगळं काही सांगितलं नाही. म्हणालो, ‘‘होळीचा नाच दिवाळीत होणार नाही. पण दिवाळीत आमच्याकडे काय असतं ते दाखवतो.’’ त्याने विचारलं, काय असतं? मग मीही पहिल्यांदाच नीट विचार केला. दिवाळीच्या सुमारास नवापूरकडे भात कापणीला आलेला असतो. नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरायला लागतात, रस्त्याच्या कडेला लाल मिरचीची शेतंच्या शेतं वाळत पडलेली असतात. वाऱ्याच्या बाजूला उभं राहिलं तर ठसका लागतो, मुलं शिंकून शिंकून हसतात. हे मी कुणाला दाखवत नव्हतो, कारण मला ते रोजचं वाटायचं. आमच्या गावातली माणसं मिरचीवर काम करतात. पाहुण्यांना तिथे नेलं तर त्यांच्या हातचं काम थांबत नाही आणि ते दाखवण्यासाठी वेगळं काही करावंही लागत नाही.

मग मी माझं पत्रकच बदललं. आधी त्यात ठिकाणांची यादी होती, आता महिन्यांची आहे. श्रावण-भाद्रपदात तोरणमाळ, ढगात बुडालेलं, दरी दिसेलच याची खात्री नाही असं लिहून. कार्तिकात भात आणि मिरची. मार्गशीर्षात सारंगखेड्याची एकमुखी दत्ताची जत्रा आणि घोडेबाजार. माघात महाशिवरात्रीला तोरणमाळची यात्रा. फाल्गुनात काठी. चैत्र-वैशाखात धडगावकडे अंगणाअंगणांत कैऱ्यांच्या फोडी वाळतात, तो आमचुराचा काळ. प्रकाशा बारा महिने, कारण नदीला सुट्टी नसते. तिथे मी केदारेश्वराच्या देवळाबरोबर 1955 च्या आसपास उत्खननात सापडलेल्या ताम्रपाषाण काळातल्या वस्तीचंही सांगतो. पाहुण्यांना वाटतं आपण डोंगर पाहायला आलो आणि कळतं की या नदीच्या काठाला माणूस कित्येक हजार वर्षं भाकरी भाजतोय.

काठीच्या रकान्यात मी चार ओळी जास्त घातल्या आहेत. होळी पहाटे पेटते, रात्रभर जागायची तयारी ठेवा. झोपायला हॉटेल नाही. बुध्याला थांबवून शेजारी उभं राहून फोटो मागू नका. टोपाला हात लावू नका. नाचणारा तुमच्यासाठी नाचत नाहीये, तुम्ही त्याच्या रात्रीत आला आहात. शेवटची ओळ वाचून एका बाईंनी फोनवर विचारलं होतं, ‘‘म्हणजे आम्ही नको आहोत का?’’ मी म्हणालो, ‘‘ताई, या. फक्त पाहुण्यासारख्या या.’’ त्या आल्या, पहाटेपर्यंत उभ्या राहिल्या, आणि परतताना गाडीत सगळे झोपले तरी त्या नवसाबद्दल विचारत होत्या.

दिवाळीच्या दोन बस आल्या नाहीत. सहलवाल्याने त्या दुसरीकडे वळवल्या, तिथे शेकोटी आणि नाच मिळाला असेल. त्या हंगामात माझं उत्पन्न कमी झालं, घरात त्यावरून बोलणं झालं. बायको म्हणाली, तत्त्वाची भाकरी कुणी भाजून ठेवलीय का? तिचंही बरोबर होतं, कारण चूल तिची असते. पण त्याच कार्तिकात काही कुटुंबं मिरचीच्या पथाऱ्या पाहायला आली. त्यांतल्या एकाने नंतर होळीसाठी आपल्या सोसायटीतल्या लोकांची गाडी केली. सुरतेतल्या खानदेशी कुटुंबांतूनही विचारणा यायला लागली. त्यांची मुलं सुरतेतच जन्मली, नंदुरबार त्यांना फक्त मामाच्या गावाच्या वाटेवरचं स्टेशन वाटतं. त्यांना मी सुरत-बुऱ्हाणपूर रस्ता सांगतो, आणि आबांची ऊसतोडीची वाटही सांगतो. आजोबा कोणत्या रस्त्याने कामाला आले हे कळलं की मुलांना किल्ल्यापेक्षा त्या रस्त्याचं अप्रूप वाटतं.

सुरतेच्या किल्ल्याचं एक काम अजून राहिलंय, असं मला वाटतं. तोफांच्या आणि नाण्यांच्या पाट्यांबरोबर दारापाशी एक पाटी बुऱ्हाणपूरच्या रस्त्याचीही असावी. 1862 नंतर या खोल्यांत कचेरी होती तेव्हा दाराबाहेर कोण उभं राहायचं, कशासाठी, किती वेळ, हेही तिच्यावर लिहावं. ते आता संपलंय, म्हणून ते मांडता येईल. आणि ज्यांचे वडील-आजोबा तिथे उभे राहिले त्यांना ते आत येऊन वाचता येईल.

सहलवाला अजूनही माणसं पाठवतो, आमचं भांडण झालेलं नाही. परवा त्याचा फोन आला. त्याने ना तोरणमाळचं विचारलं ना नाचाचं. म्हणाला, ‘‘भाई, मेमध्ये काय आहे?’’ मी म्हणालो, ‘‘आमचूर. ऊन खूप असेल, टोप्या घेऊन या.’’ तो हसला आणि सहा माणसांची नावं लिहून घ्यायला लावली.